तेरीज आपली, कीर्द कोणाची?

व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात, उद्योजकता शिबिरात, सॉफ्टवेअर विकायला आलेल्या तरुणाच्या लॅपटॉपवर गेली काही वर्षं एकच कथा ऐकवली जाते. एकेकाळी धंद्यातल्या आकड्यांचं विश्लेषण ही बड्या कंपन्यांची मिरास होती. त्यासाठी वातानुकूलित खोलीतला अजस्र संगणक लागे, तो चालवणारे पगारदार तज्ज्ञ लागत, आणि त्यांनी काढलेला अहवाल साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत हंगाम उलटून गेलेला असे. आता ते दिवस गेले. इचलकरंजीचा यंत्रमागवाला असो की चाकणचा सुटे भाग बनवणारा, मोबाईलवर बोट फिरवलं की कुठला माल खपतो, कुठला पडून आहे, कोणाची उधारी थकली, सगळं रंगीत आलेखांत समोर हजर. विश्लेषणाचं लोकशाहीकरण झालं, असं मोठ्या थाटात सांगून कथा संपते. टाळ्या पडतात. मग वार्षिक वर्गणीचा फॉर्म पुढे सरकतो.

या कथेतलं हत्याराविषयीचं सगळं खरं आहे. हत्यार स्वस्त झालं, सोपं झालं, कित्येक ठिकाणी फुकट झालं. घोटाळा आहे तो गृहीतकात. हत्यार महाग होतं म्हणून छोटा धंदेवाला विश्लेषणाबाहेर राहिला, असं ही कथा धरून चालते. इतिहास उलगडून पाहिला तर वेगळंच दिसतं. हत्यार जसजसं स्वस्त होत गेलं, तसतशी ज्या वहीवर ते चालवायचं ती वहीच धंदेवाल्याच्या हातातून निसटत गेली.

जुन्या मराठी दफ्तरात या दोन वस्तूंना दोन वेगळे शब्द होते. घडेल तसा व्यवहार रोजच्या रोज टिपायचा, ती कीर्द. कीर्दीवरून खातेवार मांडणी, ती खतावणी. आणि साऱ्याचा एकत्र गोषवारा, ती तेरीज. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल या शब्दांनी भरलेले आहेत. आज ‘डॅशबोर्ड’ म्हणून जे विकलं जातं ती तेरीजच, फक्त रंगवलेली. फडावरच्या कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: तेरीज कितीही सुबक असली तरी तिची पत कीर्दीएवढीच. आणि हिशेबाचं दफ्तर ज्याच्या ताब्यात, राज्याची नाडी त्याच्या हातात, हे नाना फडणिसांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

तेरीज स्वस्त कशी झाली, हे मात्र सांगण्यासारखं आहे. १९५८ साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी एका लेखाच्या मथळ्यात ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्द वापरला. १९७० साली त्याच कंपनीतल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात साठवण्याची रीत मांडली; आजच्या बहुतेक हिशेबी सॉफ्टवेअरच्या पोटात तीच रीत आहे. हे सगळं मोठ्यांच्या घरचं. छोट्यांच्या घरी विश्लेषण आलं ते एका वर्गातल्या फळ्यामुळे. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणारा डॅन ब्रिकलिन रोज पाहत असे: प्राध्यापक फळ्यावर चौकटी आखतात, आकडे भरतात, मधला एखादा आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहितात. फळ्याने आपणहूनच पुसून लिहिलं तर? या विचारातून बॉब फ्रँकस्टनच्या साथीने १९७९ साली ‘ॲपल टू’ संगणकासाठी व्हिजिकॅल्क आलं. दोघांनी त्याचं पेटंट घेतलं नाही, म्हणून १९८३ मध्ये लोटस आणि १९८५ मध्ये एक्सेल त्याच वाटेने बिनधोक चालत आले. एक्सेल पहिल्यांदा आलं ते ॲपलच्या मॅकिंटॉशवर, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. १९९३-९४ च्या सुमारास त्याच्या पाचव्या आवृत्तीत पिव्होट टेबल आलं आणि तेरीज काढणं म्हणजे माऊसने रकाना उचलून दुसरीकडे ठेवणं झालं.

म्हणजे ज्या क्रांतीची दवंडी आज पिटली जाते तिचा मोठा भाग तीस वर्षांपूर्वीच उरकला होता. आपल्याकडेही त्याला फार उशीर लागला नाही. १९८६ साली श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत यांनी सुरू केलेल्या कंपनीतून टॅली निघालं आणि काही वर्षांत गावोगावच्या पेढ्यांवर, अडतीच्या दुकानांत, चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेऱ्यांत जाऊन बसलं. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत उघडले. सरकारी नोकरीच्या आशेने का होईना, लाखो मराठी मुलामुलींनी एक्सेलमधली बेरीज, सरासरी आणि आलेख शिकून प्रमाणपत्र भिंतीवर लावलं. हत्याराचा प्रसार हाच प्रश्न असता तर त्याचं उत्तर या प्रमाणपत्रांतच मिळून गेलं असतं.

तेव्हाच्या दुकानदाराकडे काय होतं? संगणक नसेल, असला तर एखादा जुना. पण वही त्याची होती. कोणता शेतकरी कधी पेंड नेतो, कोणाची मुलगी यंदा लग्नाची आहे, कोणत्या गल्लीत गणपतीच्या आधी रवा जास्त खपतो, हे त्याच्या कीर्दीत आणि डोक्यात होतं, आणि दोन्हींवर त्याच्याशिवाय कोणाचा ताबा नव्हता. टॅली आलं तेव्हाही नोंदी त्याच्याच कपाटाशेजारच्या संगणकावर राहिल्या. कथेतल्या ‘अंधारयुगात’ हत्यार महाग आणि वही स्वतःची होती. उजेड पडल्यावर काय झालं, ते गूगल ॲनालिटिक्सच्या गोष्टीत नीट दिसतं.

२००५ साली गूगलने अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली. संकेतस्थळावर कोण येतं, कुठून येतं, कुठे थबकतं, कुठून निघून जातं, हे मोजणारं तिचं साधन तोवर पैसे मोजून घ्यावं लागे. नोव्हेंबरात गूगलने ते फुकट केलं. नोंदणीची अशी झुंबड उडाली की काही दिवसांतच नवी नावं घेणं थांबवावं लागलं. लोकशाहीकरणाचं याहून चांगलं उदाहरण नाही, आणि ते खोटंही नाही: घरगुती मसाले ऑनलाइन विकणाऱ्या बाईला आणि मोठ्या विमान कंपनीला खरोखरच एकाच जातीचं साधन मिळालं. पुढची जवळजवळ अठरा वर्षं लहानमोठ्या धंद्यांनी आपली कीर्द त्या फुकटच्या कपाटात ठेवली. मग कपाटाच्या मालकाने ठरवलं की जुनं कपाट बंद. १ जुलै २०२३ पासून जुन्या पद्धतीत नव्या नोंदी होणं थांबलं. १ जुलै २०२४ पासून त्याचं दारच बंद झालं आणि आतल्या नोंदी पुसल्या जाऊ लागल्या. पूर्वसूचना होती, नोंदी उतरवून घ्यायला मुदत होती. कायद्याने बोट ठेवायला जागा नाही. पण मुदतीत उतरवून कोणी घेतलं असेल? ज्याच्याकडे तो माणूस पगारावर होता त्याने. मसाले विकणाऱ्या बाईने नव्हे.

नव्या पद्धतीच्या फुकट आवृत्तीत खोलात जाऊन शोध घ्यायचा तर तपशीलवार नोंदी जास्तीत जास्त चौदा महिने टिकतात. ढोबळ बेरजा पुढेही दिसतात. म्हणजे तेरीज राहते, कीर्द जाते. या दिवाळीचं गिऱ्हाईक गेल्या दिवाळीच्या गिऱ्हाइकाशी ताडून पाहता येतं, तीन दिवाळ्या शेजारी मांडून पाहायच्या तर नाही. पैसे भरणाऱ्या मोठ्या ग्राहकांना मुदत जास्त मिळते. मिरास संपली म्हणतात ती ही अशी.

हा एका कंपनीचा दुष्टपणा नव्हे. फुकट मिळालेल्या जागेचा तो स्वभावच आहे. जेवण घरपोच देणाऱ्या ॲप्सचं घ्या. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाने २०२१ मध्ये झोमॅटो आणि स्विगीविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली. तक्रारीत कमिशनचा विषय होता, दरांचा होता, आणि एक मुद्दा असाही होता की ग्राहक कोण हे उपाहारगृहापासून झाकून ठेवलं जातं. तक्रारीतल्या काही मुद्द्यांवर आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. आयोगाचं मत काहीही असो, व्यवहार डोळ्यांपुढे आहे. हॉटेलवाल्याला ॲपवर सुंदर आलेख दिसतात: आज किती ऑर्डरी, कोणता पदार्थ वर, कोणता खाली, तारे किती. पण गेल्या महिन्यात चार वेळा मिसळ मागवणारा या महिन्यात कुठे गेला, हे विचारायला त्याच्याकडे त्या माणसाचा पत्ताच नाही. तो पत्ता ॲपकडे आहे, आणि शेजारच्या मिसळवाल्याची सवलतही तेच ॲप त्या माणसाला दाखवतं.

यावर ग्राहकाच्या खासगीपणाचं उत्तर दिलं जातं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. कोणाचाही फोन नंबर हॉटेलवाल्याच्या हाती पडावा, असं कोणी म्हणणार नाही. मात्र खासगीपणाची ही काळजी एकाच दिशेला वाहते. नावं झाकून, नुसते सांकेतिक क्रमांक देऊन, परत येणाऱ्या गिऱ्हाइकांचा तपशील देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तो तपशील स्वतःसाठी ऑनलाइन मंच ज्या सहजतेने वापरतो, ती सहजता देताना का हरपते? युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲमेझॉनवर नेमका हाच आक्षेप ठेवला होता: मंचावरच्या स्वतंत्र विक्रेत्यांची बाहेर न दिसणारी माहिती कंपनी आपल्या किरकोळ विक्रीसाठी वापरते. डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनने ती माहिती अशी न वापरण्याची हमी लिहून दिली आणि प्रकरण मिटलं. त्या विक्रेत्यांकडेही डॅशबोर्ड होते.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात जोरकस दाखला. हत्यार सर्वांच्या हाती आल्याने दुबळा माणूस बलवानाला हरवू शकतो, हे सांगायला थॉमस हर्नडन यांचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या मातब्बर अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकास खुंटतो. अशा वर्षांतला सरासरी वाढीचा दर त्यांच्या हिशेबाने उणे ०.१ टक्का निघाला. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी तो आकडा ढालीसारखा वापरला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अमहर्स्टला शिकणाऱ्या हर्नडनला वर्गातला अभ्यास म्हणून तो हिशेब पुन्हा करून दाखवायचा होता. काही केल्या जमेना. शेवटी त्याने लेखकांनाच विचारलं, आणि त्यांनी आपली एक्सेलची फाईल पाठवून दिली. फाईल उघडली तर सरासरीचं सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जायचं ते ४४ व्या ओळीवरच थांबलेलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर. काही वर्षं वगळलेली, देशांना वजनं देण्याची पद्धतही आक्षेपार्ह. खरं तर उत्तरातला मोठा फरक या दोन गोष्टींमुळेच पडला होता, पण जगाला आठवते ती चुकलेली पाच ओळींची चौकट. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी एप्रिल २०१३ मध्ये सुधारून काढलेला आकडा अधिक २.२ टक्के होता.

गोष्ट फार सुंदर आहे. फक्त तिची कळ कुठे आहे ते पाहायला हवं. हर्नडनकडे एक्सेल आधीपासून होतंच. जगभरच्या हजारो वाचकांकडे होतं, तीन वर्षं होतं. कोणालाही चूक दिसली नाही, कारण सगळ्यांसमोर होती ती छापील तेरीज. ज्या दिवशी कीर्द पाठवली गेली त्या दिवशी चूक सापडली. राइनहार्ट आणि रोगॉफ यांचं एवढं श्रेय द्यायलाच हवं की त्यांनी ती पाठवली. एखादा मंच, एखादा कारखाना, एखादं सरकारी खातं विद्यार्थ्याच्या मेलला असं उत्तर देईल का?

उलट या क्षेत्रात जी उदाहरणं वारंवार ऐकवली जातात त्यांची कीर्द मागितली तर पंचाईत होते. बाळाच्या लंगोटांशेजारी बिअर ठेवली आणि विक्री वाढली, ही विश्लेषणाच्या वर्गातली आद्य पुराणकथा. तिच्या मुळाशी १९९२ चं एक खरं काम आहे. टेराडेटा कंपनीच्या सल्लागारांनी अमेरिकेतल्या ऑस्को ड्रग या दुकानसाखळीच्या सुमारे २५ दुकानांतल्या १२ लाख खरेद्या तपासल्या आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान या दोन वस्तू एकत्र विकल्या जातात असं त्यांना दिसलं. दुकानाने मात्र वस्तू हलवल्याच नाहीत. विक्री वाढल्याचा भाग पुढे सांगणाऱ्यांनी घातला. आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांचंही तसंच झालं. साठ लाखांत एक चूक, सिक्स सिग्मा दर्जा, हे व्यवस्थापनाच्या कोणत्या व्याख्यानात नसतं? त्याचं मूळ १९९८ च्या ‘फोर्ब्स’ मधल्या एका लेखात शोधलं जातं. पण आपण सिक्स सिग्मा हा शब्द वापरलेला नाही आणि ‘फोर्ब्स’ने तसं प्रमाणपत्रही दिलेलं नाही, असं लेख लिहिणारे सुब्रत चक्रवर्ती यांनीच पुढे स्पष्ट केलं. डबेवाल्यांच्या कामाला त्याने उणेपणा येत नाही. लोकल पकडून ते दुपारी डबा पोचवतातच. तो आकडा मोजमाप करून काढलेला नाही, एवढंच. आणि ज्या व्याख्यानांत आकड्यांवर विश्वास ठेवायला शिकवतात तिथेच न मोजलेला आकडा इतकी वर्षं फिरतो, याची गंमत कोणाला वाटत नाही.

मोजणं म्हणजे काय हे मराठी माणसाला परकं नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्या विषयातलं मोठं नाव. पिकाचा अंदाज त्या काळी आणेवारीने, म्हणजे महसुली कर्मचाऱ्याच्या नजरेने ठरे. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात यदृच्छेने निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून तिथलं पीक कापून मोजण्याची पद्धत देशभर नेण्याचं काम केलं. तुकडा केवढा असावा, यावरून मोठा वाद झाला. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न फुगून येतं. कारण साधं आहे. दोरीवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की मोजणाऱ्याचा हात ते आत घेतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त, तितकी चूक मोठी. पुढे ते आकडे कितीही ताकदीच्या संगणकावर घातले तरी कडेचं ते रोप बाहेर निघत नाही.

हीच दोरी आज कोणाच्या हातात आहे? उसाचं घ्या. केंद्राने २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली; उतारा वाढला तर दर वाढतो. शेतकऱ्याला हिशेब मोबाईलवर येतो, चांगलं आहे. पण वजन होतं कारखान्याच्या काट्यावर, उतारा निघतो कारखान्याच्या प्रयोगशाळेत, आणि तोही सगळ्या गाळपाचा मिळून. कोणा एका शेतकऱ्याला आपल्या उसाचा उतारा तपासून पाहायची सोयच नाही. ‘काटामारी’ हा शब्द साखरपट्ट्यात आहे तो उगाच नाही. प्रत्येक तक्रार खरी असेल असं नव्हे. पण दोन्ही बाजूंना मान्य होईल असा काटा नसताना शेतकऱ्याच्या हातात विश्लेषणाचं ॲप देणं म्हणजे त्याला कारखान्याचेच आकडे जास्त रंगांत दाखवणं. दुधाच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफची पावती हातोहात मिळू लागली तेव्हा थोडं बदललं, कारण ती पावती घेऊन माणूस दुसऱ्या केंद्रावर जाऊ शकतो. तिथे त्याला मिळाला तो कीर्दीचा एक कागद. ॲपने नव्हे, त्या कागदाने फरक पडला.

एवढं म्हटलं की काही तज्ज्ञांना वाटतं, आपलीच बाजू मांडली जात आहे: ज्याला संख्याशास्त्र येत नाही त्याने आकड्यांना हात लावू नये, हे काम शिकलेल्यांवर सोपवावं. त्यांनाही आवरायला हवं. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून १५,८४१ कोविड रुग्ण गायब झाल्याचं उघड झालं. प्रयोगशाळांकडून आलेली यादी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये भरली जात होती, आणि त्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. वरची नावं गळून पडली, त्यांच्या संपर्कातल्यांना वेळेवर कोणी फोन केला नाही. तो घोळ किराणा दुकानदाराने घातलेला नव्हता. विश्लेषण सर्वांनी करावं, चुकत करावं, शिकत करावं. एमएस-सीआयटी झालेल्या पोरीने काढलेली तेरीज मोठ्या सल्लागाराच्या तेरजेपेक्षा खरी निघू शकते. अट एकच, तिला मूळ नोंदी दिसल्या पाहिजेत.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा पुढे येतो. २०२३ पासून चॅटजीपीटीसारख्या साधनांना फाईल देऊन साध्या भाषेत प्रश्न विचारता येतो. सूत्रं नकोत, पिव्होट नको. मराठीतही विचारता येतं, आणि उत्तर बऱ्यापैकी मराठीत येतं. हा पल्ला खरंच मोठा आहे. पण यंत्रालाही कीर्दच लागते. ज्या पतसंस्थेच्या, बाजार समितीच्या, ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकल्या आहेत तिथे पडद्यावर ‘पाटील’ दिसतं आणि फाईलच्या पोटात भलतीच रोमन अक्षरं असतात. त्या यादीतले पाटील शोधायचे तर आधी सगळी यादी युनिकोडमध्ये आणावी लागते, ते कष्टाचं काम कोणी करत नाही, आणि त्यावर चर्चासत्रही भरत नाही. आणि यंत्राला प्रश्न विचारताना आपली वही आणखी एका परक्या घरात जाऊन पडते, ते वेगळंच.

एका बाजूला छोट्या धंदेवाल्याला स्वतःची माहिती पुरती मिळत नाही. दुसऱ्या बाजूला त्याच्याविषयीची माहिती मात्र इतरांना उत्तम मिळते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरच्या जमा रकमा पाहून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. उलाढाल मालाला ४० लाखांवर, सेवांना २० लाखांवर गेली की नोंदणी हवी, हा नियम जुनाच. पण नोटिसा भाजीवाल्यांनाही गेल्या, आणि ताज्या भाजीवर जीएसटी नसतो. खात्यावर आलेल्या पैशांत विक्री किती, उसने किती, घरच्यांनी पाठवलेले किती, हे यूपीआयच्या तेरजेत दिसत नाही. विक्रेत्याच्या कीर्दीत दिसलं असतं. बेंगळुरूच्या टपऱ्यांवरचे क्यूआर कोड उतरले, ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. संताप वाढल्यावर सरकारने जुनी वसुली करणार नसल्याचं सांगितलं. विश्लेषणाचं लोकशाहीकरण त्या टपरीपर्यंत पोचलं होतं खरं, पण टपरीवाला त्यात विश्लेषक नव्हता. विश्लेषणाचा विषय होता.

म्हणून भांडण साधनांसाठी नको, नोंदींवरच्या हक्कासाठी हवं, आणि ही हवेतली मागणी नाही. युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट बड्या मंचांना बांधतो: जो व्यावसायिक तुमच्या मंचावर धंदा करतो, त्याच्या धंद्यातून निर्माण झालेली माहिती त्याला मोफत, सलग आणि त्याच वेळी मिळाली पाहिजे; ग्राहकाचा वैयक्तिक तपशील मात्र त्याच्या संमतीनेच. हे बंधन मार्च २०२४ पासून लागू आहे. त्याच मार्चमध्ये भारतातही डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यावर भरपूर चर्चा झाली. आपल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याच्या २०१९ च्या विधेयकात माहिती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये कायदा झाला तेव्हा तो हक्क गाळलेला होता. शिवाय तो कायदा व्यक्तीच्या माहितीचा, दुकानाच्या माहितीचा नव्हे. बँकेच्या नोंदींपुरती एक खिडकी उघडली आहे: २०२१ पासून अकाउंट ॲग्रिगेटरमार्फत खातेदार आपल्या संमतीने आपले व्यवहार दुसऱ्या संस्थेला दाखवू शकतो. तिचा उपयोग मुख्यतः कर्ज देणाऱ्यांना होतो, तरी तत्त्व बरोबर आहे. बँकेला जे लागू होतं ते जेवणाच्या ॲपला आणि ऑनलाइन बाजाराला लागू न होण्याचं कारण त्या कंपन्यांच्या सोयीपलीकडे दुसरं दिसत नाही.

व्यापारी संघटनांनी हे मागायला हवं. जीएसटीच्या परतावा अर्जांवर त्या मोर्चे काढतात, एफएसआयवर निवेदनं देतात. मंचांकडे पडलेल्या आपल्या नोंदींचा विषय त्यांच्या ठरावांत क्वचितच येतो. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर लॅपटॉपवाला तरुण दुकानात आला तर रंगीत आलेख सावकाश बघा, आधी त्याला एवढं विचारा: वर्गणी बंद केली तर पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी, बेरजा नव्हे, एकूण एक नोंदी, दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा फाईलमध्ये किती दिवसांत मिळतील? आणि तो जे उत्तर देईल ते करारात लिहून घ्या.